गगनबावड्याचा पाऊस कळतो ना? मग गुलमर्गचा बर्फ पण कळेल

दरवर्षी गुऱ्हाळं पेटली की आमच्या ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो, "अरे गुलमर्गला बर्फ कधी पडणार, तिकीट कधीचं काढू?" आणि मी दरवर्षी तेच सांगतो की बाबा तारीख मला माहीत नाही पण तारीख कशी काढायची ते शिकवतो, अर्धा तास रंकाळ्यावर येऊन बस. त्या अर्ध्या तासाचा दीड तास होतो, भेळ माझ्या खिशातनं जाते आणि पुढच्या वर्षी परत तोच प्रश्न, म्हणून यंदा लिहूनच टाकतोय.

आधी क्लिअर करतो, हे बर्फात फोटो काढून स्वेटर घेऊन परत येणाऱ्यांसाठी नाही. ज्यांना स्कीइंग थोडंफार यायला लागलंय किंवा यंदा शिकायचंय आणि ज्यांच्या डोक्यात पावडरचं खूळ शिरलंय त्यांच्यासाठी आहे. पावडर म्हणजे नुकता पडलेला, कोरडा, हलका बर्फ. त्यात पाय घातला तर गुडघ्यापर्यंत जातो आणि आवाज होत नाही, मूठभर उचलून दाबला तर लाडू वळत नाही. एकदा त्यावरनं घसरलं की मग साध्या दाबलेल्या उतारावर मन लागत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

माझी पहिली ट्रिप कशी फसली

ॲपवर "येत्या तीन दिवसांत ७० सेंमी" बघितलं आणि नाचतच तिकीट काढलं, नेमकं बर्फ पडायच्या दिवशीचं. कोल्हापूर ते पुणे रात्रीची गाडी, पुणे ते दिल्ली विमान, आणि दिल्लीत कळलं की श्रीनगरचं फ्लाइट रद्द. दुसऱ्या दिवशी पण रद्द. दोन दिवस लॉजवर पडून छोले-भटुरे खाल्ले. तिसऱ्या दिवशी कसाबसा गुलमर्गला पोचलो तर लख्ख ऊन, लोकांनी अख्खा उतार नांगरून ठेवलेला आणि जिथं कोण गेलं नव्हतं तिथं वर पापडासारखा कडक थर. ७० सेंमी खरंच पडला होता, ॲप खोटं बोललं नव्हतं. मी फक्त "किती" बघितलं होतं, "कधी" आणि "तेव्हा मी कुठं असणार" हे बघितलंच नव्हतं.

तर पहिला नियम हाच, बर्फाच्या आधी पोचायचं. श्रीनगरातला माणूस सकाळी उठून बर्फ बघून गाडी काढू शकतो, आपण दोन हजार किलोमीटरवरनं मागनं पळत जाऊन गाठू शकत नाही. म्हणजे आपल्याला अंदाज त्याच्यापेक्षा जास्त नीट वाचायला लागतो. खाली जे काही आहे ते एवढ्यासाठीच.

हे आपल्याला आधीच येतंय

पावसाळ्यात आपण काय करतो? सकाळी उठलं की राजाराम बंधाऱ्याची पातळी, ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, हे इथं शाळकरी पोराला पण पाठ असतंय. पण जाणता माणूस बंधाऱ्याच्या आधी गगनबावड्याचा आणि राधानगरीचा पाऊस बघतो, कारण शहरात ऊन असलं तरी तिकडं कोसळत असेल तर पाणी येणारच. जिल्हा एकच, पण गगनबावड्याला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर आणि शिरोळला पाचशेच्या आसपास. का? समुद्रावरनं आलेला ओला वारा सह्याद्रीला धडकतो, वर ढकलला जातो, वर जाऊन गार होतो आणि तिथंच रिकामा होतो. पलीकडं जाईपर्यंत त्याच्यात दम राहत नाही.

काश्मिरात पीर पंजालची रांग म्हणजे त्यांचा सह्याद्री. गुलमर्ग त्या रांगेला चिकटून, धारेच्या जरासं पलीकडं, श्रीनगरच्या अंगाला, म्हणजे तिकडचं गगनबावडा. श्रीनगर खाली खोऱ्यात १,५८५ मीटरवर, तिथं त्याच वादळात बऱ्याचदा नुसता पाऊस नाहीतर पातळ चिखल. आणि अजून आत लेह, ते आपलं जत-आटपाडी. त्यामुळं "काश्मीरमध्ये बर्फ" अशी बातमी टीव्हीवर आली की तिचा उपयोग शून्य. कुठं, किती उंचीवर आणि वारा कुठनं, हे तीन प्रश्न विचारायचे.

फरक एवढाच की आपला ओला वारा चार महिने सलग येतो आणि तिकडचा हप्त्या-हप्त्यानं येतो. त्या हप्त्यांना वेस्टर्न डिस्टर्बन्स म्हणतात, पेपरात कधी पश्चिमी विक्षोभ तर कधी पश्चिमी झंझावात असं छापून येतं.

पायरी १: हप्ता कुठपर्यंत आलाय ते बघा

वेस्टर्न डिस्टर्बन्स म्हणजे भूमध्य समुद्र, कॅस्पियन समुद्र त्या बाजूला तयार होणारी कमी दाबाची भानगड, जी वरच्या थरातल्या जोरदार पश्चिमी वाऱ्यावर बसून इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान करत आपल्या हिमालयावर येऊन आदळते. डिसेंबर ते मार्च महिन्याला साधारण चार ते सहा येतात पण सगळ्या कामाच्या नसतात, बऱ्याच नुसतं आभाळ आणून निघून जातात. कामाची कोणती? जी दक्षिणेकडं खोलवर लोंबत येते ती, कारण तेवढी खाली आली की ती अरबी समुद्राची ओल पण वर ओढून घेते. म्हणजे आपल्याच समुद्राची वाफ तिकडं बर्फ होऊन पडते, मला हे कळलं तेव्हा फार भारी वाटलं होतं. आणि हे नाव तुम्हाला नवीन वाटत असेल तर तासगावच्या कुठल्याही द्राक्ष बागायतदाराला विचारा, थंडीत ढग आले की त्याची झोप उडते आणि उत्तरेत काय चाललंय ते त्याला तुमच्या-माझ्या आधी माहीत असतंय.

आता हवामान खात्याचं रोजचं बुलेटिन उघडा. लोक ते बघत नाहीत कारण त्याची भाषा वकिली आहे, पण त्यात एक वाक्य सोन्यासारखं असतं. साधारण असं, की मधल्या थरातल्या पश्चिमी वाऱ्यात ट्रफ (कमी दाबाचा लांबट पट्टा) म्हणून वेस्टर्न डिस्टर्बन्स आहे, त्याचा अक्ष समुद्रसपाटीपासून ५.८ किमीवर, रेखांश ६२ पूर्वच्या बाजूनं, अक्षांश २८ उत्तरच्या वर. यातले दोन आकडे उचला. रेखांश म्हणजे तो अजून किती लांब आहे, गुलमर्ग साधारण ७४.४ पूर्वला आहे, म्हणजे ६२ ला असलेला अजून इराण-अफगाणिस्तानच्या हद्दीवर आहे आणि यायला एक-दोन दिवस आहेत. अक्षांश म्हणजे तो दक्षिणेकडं किती खाली लोंबतोय. ३२ च्या वर असेल तर उथळ, फार आशा नको. २८, २५ असे आकडे आले की बॅग खाली काढा. बघा, एवढ्या एका ओळीत कधी आणि किती दमदार दोन्ही मिळालं, आणि ते पण फुकट.

त्याच बुलेटिनमध्ये आयसोलेटेड, स्कॅटर्ड, फेअरली वाइडस्प्रेड, वाइडस्प्रेड हे शब्द पण येतात. हे किती जोरात पडणार याबद्दल नाहीत, किती ठिकाणी पडणार याबद्दल आहेत. आयसोलेटेड म्हणजे त्या भागातल्या २५ टक्के किंवा कमी ठिकाणी, वाइडस्प्रेड म्हणजे ७५ टक्क्यांच्या वर. हेवी हा शब्द वेगळा. नवखी माणसं वाइडस्प्रेड वाचून ढीगभर बर्फ समजतात, तसं नसतंय.

पायरी २: दोन मॉडेल भांडतायत का एकमताने बोलतायत

मोबाईलवरची सगळी ॲप शेवटी दोन-चार मोठ्या मॉडेलवर, म्हणजे हवामानाचा हिशोब करणाऱ्या कॉम्प्युटर प्रोग्रामवर चालतात. अमेरिकेचं जीएफएस, युरोपचं ईसीएमडब्ल्यूएफ, ज्याला सगळे नुसतं युरोपियन म्हणतात, आणि आता आपलं भारत फोरकास्ट सिस्टीम, जे पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं बनवलं आणि मे २०२५ पासून खातं वापरतंय, त्याची जाळी (नकाशा ज्या चौकोनांत तोडून हिशोब होतो ते चौकोन) ६ किमीची आहे. युरोपियनची ९ आणि जीएफएसची १३ च्या आसपास. जाळी बारीक म्हणजे डोंगर जास्त खरा दिसतो. जाड जाळीत अख्ख्या डोंगराची उशी होते, शिखर बुटकं आणि दरी उथळ, मग तिथलं तापमान पण चुकतं. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

विंडी सारखं ॲप घ्या, त्यात एकाच ठिकाणासाठी मॉडेल बदलून बघता येतं. गावाच्या नावावर टॅप न करता अफरवातच्या, म्हणजे गुलमर्गच्या डोक्यावरच्या डोंगराच्या उतारावर बोट ठेवा. मग बघा की जीएफएस आणि युरोपियन एकच दिवस सांगतायत का. एक मंगळवार म्हणतोय आणि दुसरा गुरुवार, तर अजून काही ठरलेलं नाही, मोबाईल खिशात ठेवा. दोघं तीन-चार रन सलग तोच दिवस दाखवतायत तर विश्वास वाढवा. एका रनवर कधीच तिकीट काढू नका, एका रनमध्ये ८० सेंमी आणि पुढच्यात १५ असं सर्रास होतं.

रन म्हणजे मॉडेलनं केलेला नवीन हिशोब. युरोपियनचा सकाळचा रन आपल्याकडं दुपारी साडेबारा-एकच्या सुमारास दिसायला लागतो, रात्रीचा मध्यरात्रीनंतर. जीएफएस दिवसातनं चारदा. तुम्ही दर तासाला रिफ्रेश करून काही उपयोग नाही, आकडा तोच असणार. (मी करतो. तुम्ही करू नका.)

एन्सेम्बल नावाचा प्रकार पण बघायला शिका. युरोपियन मॉडेल सुरुवातीची परिस्थिती थोडी-थोडी बदलून तोच हिशोब ५१ वेळा करतं. त्या ५१ रेषा एकमेकींना चिकटून चालल्या तर अंदाज पक्का, मोराच्या पिसाऱ्यासारख्या फाकल्या तर कच्चा. दहा दिवस पुढचं बघायचं असेल तर फक्त हेच बघा, बाकी सेंटीमीटरचे आकडे तेवढ्या लांबचे म्हणजे नुसती करमणूक.

पायरी ३: पाऊस, चिखल का पावडर

इथं बहुतेक लोक चुकतात म्हणून जरा सावकाश.

मॉडेल खरं तर पाणी मोजतं, मिलिमीटरमध्ये. त्याचा बर्फ किती होणार ते तापमान ठरवतं. ढोबळ हिशोब १ मिमी पाण्याचा १ सेंमी बर्फ. पण गारठा चांगला असेल तर तेच १ मिमी दीड-दोन सेंमी फुगतं, आणि शून्याच्या आसपास असेल तर अर्धा-पाऊण सेंमी, तो पण ओल्या कापसासारखा जड. म्हणजे ३० मिमी आलं तर उबदार वादळात २० सेंमी चिखल आणि थंड वादळात ४५ सेंमी स्वर्ग. पाणी तेवढंच.

ढगात उणे १२ ते उणे १८ अंशाच्या दरम्यान जे स्फटिक बनतात ते फांद्याफांद्यांचे, चांदणीसारखे असतात, त्यांच्यात हवा अडकते म्हणून तो बर्फ सगळ्यात हलका.

आता गुलमर्गच्या उंच्या पाठ करा. गाव २,६५० मीटर. गोंडोलाची (तिथली केबल कार) फेज १ म्हणजे पहिला टप्पा जिथं सोडतो ते कोंगडोरी, ३,१०० च्या आतबाहेर. फेज २ वर अफरवातच्या खांद्यावर, ३,९५० च्या आसपास. आणि ॲपमध्ये ७०० हेक्टोपास्कलचा (हेक्टोपास्कल म्हणजे हवेच्या दाबाचं माप) थर निवडा, तो साधारण ३,००० मीटरवर असतो. म्हणजे ७०० चं तापमान म्हणजे जवळजवळ कोंगडोरीचं तापमान. ही युक्ती मला तिकडच्या एका गाईडनं चहाच्या टपरीवर पेपर नॅपकिनवर लिहून दिली होती आणि अख्ख्या विषयात यापेक्षा उपयोगी काही मला अजून मिळालेलं नाही. जाड जाळीचा घोळ पण यात टळतो कारण आपण डोंगराच्या पायाचं नाही, मोकळ्या हवेचं तापमान बघतोय.

त्यावरनं हिशोब असा. ढगात हजार मीटर वर गेलं की साधारण ६ अंश उतरतात. ७०० ला उणे ८ दिसलं तर फेज २ च्या टोकाला उणे १४ च्या जवळ, म्हणजे वर चांदण्या आणि गावात पण कोरडा बर्फ. ७०० ला उणे ३ दिसलं तर वर चांगलं, कोंगडोरीला बरं, गावात जड. ७०० ला शून्य दिसलं तर तिकीट काढू नका, गुलमर्गच्या हॉटेलच्या खिडकीतनं पाऊस बघायचा असेल तर गगनबावडा ५५ किलोमीटरवर आहे.

फ्रीझिंग लेव्हल म्हणून जो आकडा असतो ती शून्य अंशाची उंची. बर्फ त्याच्या दोन-तीनशे मीटर खालीपर्यंत टिकून पडतो, वितळायला जरा अंतर लागतं म्हणून. म्हणजे फ्रीझिंग लेव्हल २,९०० असली तरी गावात बर्फच पडेल, पण तो कसला ते कळलं असेलच.

अजून एक, सुरुवात उबदार आणि शेवट थंड असेल तर उत्तम. वादळ येताना वारा दक्षिणेकडचा असतो, गरम असतो, जड बर्फ पडतो आणि खाली चिकटून बसतो. ट्रफ पुढं सरकला की वारा वायव्येचा होतो, पारा पडतो आणि शेवटचे १५-२० सेंमी पिठासारखे. चपातीवर तूप, तसं. उलटं झालं, म्हणजे आधी हलका आणि वर जड, तर स्कीची टोकं आत घुसतात आणि ते धोकादायक पण असतंय, त्याच्याबद्दल खाली.

पायरी ४: वारा

७०० च्या ऐवजी आता ६०० हेक्टोपास्कलचा थर घ्या, साधारण ४,२०० मीटर, म्हणजे फेज २ च्या टोकाच्या जरा वरती. तिथं ताशी ४०-५० किमीच्या वर वारा दिसला तर मी त्या दिवशी फेज २ ची आशाच सोडतो. गोंडोला वाऱ्यानं बंद ठेवतात आणि बरोबरच करतात. शिवाय २५ च्या वर गेला की वारा पडलेला बर्फ उचलून डोंगराच्या दुसऱ्या अंगाला नेऊन टाकतो, एक बाजू घासून गुळगुळीत आणि दुसऱ्या बाजूला गाद्या. त्या गाद्या दिसायला पावडर, आतनं पाटी, म्हणजे एकसंध सरकू शकणारा कडक थर. आकड्यात ४० सेंमी असून कुठं १० आणि कुठं १०० असं का होतं ते हेच.

कोल्हापुरातनं निघायचं कधी

माझं वेळापत्रक सांगतो, तुम्ही तुमच्या रजेप्रमाणं बदला. साहेब कसाय त्यावर पण आहे.

डिसेंबरात फक्त खिडकी ठरवायची, जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारीचा शेवट यातले १० दिवस. काश्मिरी लोकांचा चिल्ला-ए-कलान, म्हणजे कडाक्याचे ४० दिवस, २१ डिसेंबरला लागतो आणि जानेवारी संपता संपता सुटतो. त्या काळात थंडी पक्की पण खालचा थर भरलेला असेलच असं नाही, म्हणून मी त्याच्या शेवटाला जातो. आणि तरी गॅरंटी नाही. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गला गवत दिसत होतं, भर सीझनमध्ये, आणि २०२५ ला खेलो इंडियाचे हिवाळी खेळ बर्फ नाही म्हणून फेब्रुवारीतनं मार्चवर ढकलले. हॉटेल रद्द करता येणारं घ्या, दोनशे-चारशे जास्त गेले तरी चालतील.

१० दिवस आधी एन्सेम्बल, फक्त "काहीतरी येतंय" एवढं कळायला. ६ दिवस आधी दोन्ही मॉडेल जुळली तर विमानाचं तिकीट, आणि तारीख अशी की वादळ सुरू व्हायच्या किमान एक दिवस आधी तुम्ही टंगमर्गच्या (गुलमर्गच्या चढाच्या पायथ्याचं गाव) वर असाल. हे एकच पाळा बाकी सगळं चुकलं तरी चालेल. ३ दिवस आधी घर सोडायचं. कोल्हापूरहून मुंबई किंवा पुणे, तिथनं श्रीनगर. विमान अडकलंच तर जून २०२५ पासून कटरा ते श्रीनगर वंदे भारत सुरू झालीय, पूर्वी हा पर्याय नव्हता आणि जम्मू-श्रीनगर रस्त्यावर रामबनच्या बाजूला दरड आली की जम्मूतच मुक्काम व्हायचा. श्रीनगर ते गुलमर्ग ५० किमी, त्यातले शेवटचे १३ टंगमर्गपासून चढाचे, बर्फ असला की चेन लावलेली गाडीच जाते.

सिमकार्ड. बाहेरच्या राज्याचं प्रीपेड तिकडं चालत नाही, पोस्टपेड लागतं. अंदाज बघायला मोबाईल आणि मोबाईलला रेंज नाही अशी गंमत आमच्यातल्या एकाची झालीय, त्यानं चार दिवस सगळ्यांचे हॉटस्पॉट खाल्ले.

तिथं पोचल्यावर

वादळ चालू असताना वर जाता येत नाही, फेज २ बंद. नवखे खोलीत बसून वैतागतात. जाणते फेज १ नं वर जाऊन जंगलातनं उतरतात, देवदार-फरची झाडं वारा अडवतात, आणि झाडं असली की धुरळ्यात पण उतार दिसतो. उघड्या उतारावर त्या पांढऱ्यात वर कुठलं खाली कुठलं ते कळत नाही, चक्कर येते. बाबा रेशीच्या बाजूचं जंगल याच्यासाठी प्रसिद्ध आहे, पण वाट माहीत असलेला माणूस बरोबर हवाच.

सकाळी बाहेर पडलं की मी आधी हातमोजा काढून मूठभर बर्फ उचलतो आणि दाबतो. लाडू वळला तर ओला, चहा घेऊन सावकाश जाऊया. फुंकर मारल्यावर मैद्यासारखा उडाला तर चहा सोडून पळा. मागच्या ट्रिपला एका पहाटे हॉटेलच्या कठड्यावर आदल्या रात्री विसरलेला कप होता, त्याच्यावर बर्फाची टोपी चढलेली, कपापेक्षा उंच. नुसती फुंकली तर सगळी टोपी उडाली, कपात एक कण राहिला नाही. रात्री ७०० ला उणे १० दाखवत होतं, म्हणजे हिशोब बरोबर होता, एवढा आनंद मला दहावीच्या निकालाला पण झाला नव्हता.

आभाळ उघडल्याच्या पहिल्या दिवशी फेज २ लगेच चालू होईलच असं धरू नका. स्की पेट्रोलवाले (उतारावर गस्त घालणारं पथक) आधी स्फोट करून कच्चा बर्फ पाडतात, मग सोडतात. कधी दुपार होते, कधी दुसरा दिवस उजाडतो. म्हणून वादळानंतर किमान दोन-तीन दिवस हातात ठेवा. आणि उशीर झाला तर उत्तरेकडं तोंड असलेले उतार धरा, तिथं ऊन कमी लागतं आणि पावडर कित्येक दिवस टिकते. दक्षिणेकडचे उतार पहिल्या उन्हात पापड.

आता जे कोणाला ऐकायचं नसतं

सगळ्यात भारी पावडर आणि सगळ्यात जास्त हिमस्खलनाचा धोका एकाच दिवशी असतात. वादळानंतरचे पहिले २४ ते ४८ तास. २४ तासांत ३० सेंमी आणि वर वारा, एवढं झालं की धोका चढलाच समजा. सरकतात ते उतार बहुतेक ३० ते ४५ अंशांचे, म्हणजे नेमके स्कीला मजा येते ते. फेब्रुवारी २०२३ मध्ये अफरवातला दोन पोलिश स्कीअर गेले, फेब्रुवारी २०२४ मध्ये एक रशियन. हे पण मजा म्हणून आलेलेच होते.

हिमालयात अजून एक लफडं आहे. डिसेंबरात थोडासाच बर्फ पडतो आणि मग आठवडेच्या आठवडे कोरडी कडक थंडी. त्यात तळाच्या बर्फाचे दाणे होतात, सुटे, खडे, अगदी कारखान्याच्या पोत्यातल्या साखरेसारखे. एकाला दुसरा चिकटत नाही. त्याच्यावर फेब्रुवारीत मीटरभर येऊन बसला की काय होणार? साखरेवर ठेवलेली फरशी. म्हणून जाण्याआधी नुसतं येणारं वादळ बघू नका, त्याच्या मागचा महिना कसा गेला ते पण बघा. लांब कोरडा गेला असेल तर पहिल्या मोठ्या बर्फाला जास्त घाबरा. चालताना पायाखाली "धप्प" असा दबका आवाज आला आणि आजूबाजूचा बर्फ बसल्यासारखा वाटला तर ती पाटी सुटायला आलीय, आल्या वाटेनं मागं.

डीआरडीओची डीजीआरई नावाची संस्था आहे, पूर्वी तिला सासे म्हणायचे, ती हिमस्खलनाचा अंदाज काढते, १ ते ५ असा स्तर असतो. ३ म्हणजे मधला आकडा म्हणून लोक निवांत होतात, ते चूक आहे, ३ ला माणसं भरपूर मरतात. ४ ला मी दोरी लावून आखलेल्या उताराच्या आतच राहतो, विषय संपला. कोंगडोरीच्या बाउलमध्ये, म्हणजे तिथल्या वाडग्यासारख्या उतारात, स्की पेट्रोलची गस्त असते, दोरीपलीकडं तुमचं तुम्ही.

दोरीपलीकडं जायचंच असेल तर बीकन (गाडलेल्याला शोधायला सिग्नल देणारं-पकडणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून बघायची लांब काठी) आणि फावडं तिन्ही प्रत्येकाच्या अंगावर, एकाकडंच असून चालत नाही. गाडला गेलेला माणूस पहिल्या १५ मिनिटांत बाहेर आला तर बहुतेकदा वाचतो, त्यानंतर शक्यता झपाट्यानं पडते, म्हणजे मदत बोलवायला वेळच नसतो, बरोबरचे दोघं-तिघंच तुमची मदत. बीकन घेतलं आणि वापरता येत नाही तर ते गळ्यातलं लोढणं. आम्ही शिवाजी विद्यापीठाच्या माळावर एका रविवारी एक बीकन पिशवीत घालून पालापाचोळ्यात लपवायचो आणि दुसऱ्यानं शोधायचं, वॉकिंगला आलेले काका विचारायचे काय हरवलंय रे पोरांनो. पहिल्यांदा ११ मिनिटं लागली, दहाव्यांदा ३. बर्फात याच्या वर खणायला वेळ लागतो तो वेगळाच.

बाकी फुटकळ

अजून स्की येतच नसेल तर यंदा पावडरचं नाव काढू नका. गुलमर्गला आयआयएसएम (भारतीय स्कीइंग आणि पर्वतारोहण संस्था) आणि मनालीला अटल बिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्था, दोन्हीकडं कोर्स असतात, दोन आठवडे रगडतात आणि स्वस्तात. दाबलेल्या उतारावर दोन्ही बाजूला नीट वळता आणि थांबता आलं की मग पुढचं. औलीला जायचं म्हणत असाल तर जोशीमठची ती प्रसिद्ध रोपवे जानेवारी २०२३ मध्ये जमीन खचल्यावर बंद पडली, रस्त्यानं जायचं धरा. औली आणि मनालीजवळचं सोलंग दोन्ही गुलमर्गच्या टोकाएवढी उंच नाहीत, त्यामुळं तिथं फ्रीझिंग लेव्हलचा हिशोब अजून कडक लावायला लागतो.

स्की भाड्यानं मिळतात, पावडरसाठी रुंद मागा, पायाखाली १०० मिमी किंवा जास्त. बूट मात्र अर्धा तास घालून बसा दुकानातच. आभाळ असताना चालणारी फिकट काचेची गॉगल घ्या. आतनं सुती बनियन नको, घामानं भिजतं आणि वाळत नाही. मांड्यांसाठी डिसेंबरपासून पन्हाळ्याला गाडी सोडून पायी चढायचं, तालमीतल्या बैठका माहीत असतील तर त्याहून उत्तम, पावडरमध्ये दिवसभर बैठकाच असतात.

आणि परतीचं तिकीट शेवटच्या दिवशीचं काढू नका, मध्ये दोन दिवस मोकळे सोडा. पुढचा हप्ता येत असला तर विमानं परत अडकणार, आणि तसं झालं तर साहेबाला फोन करायच्या आधी बुलेटिनमधला रेखांश बघून घ्या, किती दिवस मागायचे ते कळतं.